वेळूसारखा कणा : एका व्याधीच्या ओळखीचा इतिहास

जुने सुपे काळी नदीच्या जलाशयाखाली गेले, त्याच्या आठवणी आपल्या घराण्यांनी जपल्या आहेत. कोणाची शेते बुडाली, कोणते घर रामनगरला हलले, हे वडीलधारी मंडळी अजून सांगतात. आजारपणांची नोंद मात्र आपण क्वचितच ठेवली. वंशावळीत जन्म सापडतो, मृत्यू सापडतो. 'विशीत पाठ धरली, चाळिशीत मान वर होईना' असा शेरा सापडत नाही. अशा माणसास गावाने वाताचा म्हटले, वाकडा म्हटले, आणि पहाटे अंथरुणातून उठवत नाही म्हणून आळशीही म्हटले. या शेवटच्या शब्दाने झालेला अन्याय मोठा आहे, म्हणून आम्ही हा विषय हाती घेतला.

व्याधीचे नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. नावापासूनच घोटाळा सुरू होतो. मान आखडली, पट्टा लागला, की आपल्याकडे 'स्पॉन्डिलायटिस झाला' असे सर्रास म्हणतात. ती बहुधा वयोमानाने होणारी मणक्यांची झीज, म्हणजे स्पॉन्डिलोसिस असते. तीही सौम्यच असते असे नाही. बाबा आमटे यांना मणक्याच्या विकाराने बसणे अशक्य झाले होते. उभे राहावे किंवा आडवे पडावे एवढेच हाती उरले असताना त्यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा केली. परंतु झीज उतरत्या वयात येते. आम्ही म्हणतो ती व्याधी ऐन विशी-पंचविशीत येते, आणि तिच्यात कणा झिजत नाही, जुळत जातो. शरीराची संरक्षकशक्तीच कण्याच्या सांध्यांवर उलटते, दाह होतो, आणि दाहाच्या जागी नवे हाड धरते. श्रमाची पाठदुखी विसावा घेतल्याने उतरते; ही विसाव्याने वाढते आणि हालचालीने सैल होते. पहाटेचे जखडलेपण अर्धा-एक तास, कधी त्याहून अधिक टिकते. नांगराला जाणारा तरुण सूर्योदयाला खिळून पडतो आणि दुपारी चालता-फिरता दिसतो. पाहणाऱ्याने त्यास ढोंगी ठरवावे, यात नवल ते काय?

माधवकराच्या 'माधवनिदाना'त आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्रिकसंधीत, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या भागी शिरून अंग ताठ करणाऱ्या रोगाचे वर्णन त्यात येते. तो हाच रोग, असे ठामपणे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्याने फ्रान्समध्ये सापडलेल्या एका सांगाड्याचे वर्णन केले. त्यात कटीचे हाड, त्रिकास्थी, पंधरा मणके व त्यांच्या बरगड्या मिळून एकच हाड झाले होते. या माणसास वाकता, वळता वा धड निजता आले नसेल, असा तर्क कॉनरने केला. व्याधीचे गांभीर्य त्याने मृताच्या हाडांवरून वाचले. जिवंत रोग्यांवरून ते वाचण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. रशियात बेख्तेरेव्ह (१८९३), जर्मनीत श्ट्र्यूंपेल (१८९७) आणि फ्रान्समध्ये प्येर मारी (१८९८) यांनी रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली.

क्ष-किरण आले आणि जुळलेल्या कण्यास 'बांबू स्पाइन' हे नाव पडले. जोयड्याच्या माणसास हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. दांडेलीचा कागद कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला तो या रानांतील बांबूच्या भरवशावर. पण उपमा अर्धीच खरी आहे. हिरवा वेळू वाऱ्यात लवतो. हा कणा वाळल्या वेळूसारखा, पेरापेराने दिसणारा आणि किरकोळ पडण्यानेही मोडणारा.

उपचारांचा इतिहासही निर्दोष नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास कण्यावर किरणोपचार करीत. दुखणे खरोखरच कमी होई. १९५७ साली कोर्ट ब्राउन आणि डॉल यांनी ब्रिटनमधील अशा तेरा हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आणि त्यांच्यात रक्ताचा कर्करोग वाढल्याचे दाखविले. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजलिस येथील संशोधकांनी एचएलए-बी २७ या आनुवंशिक खुणेचा संबंध उघड केला. लंडनच्या ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत ती आढळली. तरी ही खूण असणाऱ्या बहुसंख्य लोकांना व्याधी कधीच होत नाही. अहवालातील एका ओळीवरून मुलीचे लग्न मोडणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. मुलीचे म्हणण्याचे कारण असे, की हा पुरुषांचाच रोग अशी दीर्घकाळ समजूत होती आणि स्त्रियांचे निदान त्यामुळे मागे पडले.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोपडा यांनी घरोघर जाऊन संधिविकारांची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी १८ टक्क्यांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते. त्यांतील थोड्यांनाच ही व्याधी असणार. पण दुखण्यांच्या एवढ्या गर्दीत ती ओळखायची कोणी? क्ष-किरणात बदल दिसण्यास वर्षे जातात, तोवर चित्र 'नॉर्मल' येते. १९९४ साली इंग्लंडातील बाथ येथे रुग्णालाच विचारावयाचे सहा प्रश्न ठरविण्यात आले : थकवा, पाठदुखी, इतर सांधे, दाबल्यावर दुखणे, सकाळचे जखडणे किती तीव्र आणि किती वेळ. शून्य ते दहा या मापात सरासरी चार वा अधिक आली की व्याधी जोरात आहे असे मानतात. रुग्णाचे सांगणे पुरावा म्हणून मोजले गेले, ही आम्हांस या इतिहासातील सर्वांत मोठी घटना वाटते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी दाह रोखणारी जैविक इंजेक्शने या व्याधीसाठी आली. २०१४ पासून ॲडालिमुमॅबची भारतीय आवृत्तीही मिळू लागली. ती देण्यापूर्वी दबलेला क्षयरोग नाही ना, हे तपासावे लागते. गोळ्या आणि रोजचा व्यायाम यांवर मात्र अजूनही बरेच अवलंबून आहे. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला व उजेड सोसेना, तर तोही याच व्याधीचा भाग असू शकतो. तेथे थांबणे दृष्टीवर बेतू शकते. आपल्या तालुक्यातून बेळगाव, हुबळी किंवा अनमोड घाटाने बांबोळी गाठावी लागते, आणि ताठ कण्याने बसमध्ये घाटाची वळणे सोसणे ही स्वतंत्र परीक्षाच आहे.

एक माप मात्र घरी घेता येते. टाचा व पाठ भिंतीस टेकवून, हनुवटी वर न उचलता, डोक्याचा मागचा भाग भिंतीस लावावयाचा. निरोगी माणसाचा लागतो. न लागल्यास भिंत आणि डोके यांतील अंतर पट्टीने मोजून तारखेसह लिहून ठेवावे, सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे, आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.