समुद्री तारेपासून ऑसिलोस्कोपपर्यंत : विकृत संकेतांच्या दोषशोधनाचा इतिहास

प्रस्तावना : परभणी जिल्ह्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवरील धरणालगत जलविद्युत केंद्र आहे. अशा केंद्रांत जनित्रे, रोहित्रे व लांब तारा एकत्र नांदतात. तेथे एकामागून एक बिट वाहून नेणारा क्रमिक संकेत ऑसिलोस्कोपवर पाहिल्यास चौकोनी लहरीचे कोपरे झिजलेले किंवा कडांवर कंप उमटलेले आढळू शकतात. हा प्रश्न संगणकयुगातील समजला जातो. वस्तुतः तो १८७० मध्येच मुंबईच्या किनाऱ्याला लागला होता.

त्या वर्षी फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' हे जहाज मुंबईहून एडनकडे केबल टाकीत निघाले आणि जूनमध्ये मुंबई-लंडन समुद्रमार्गे जोडली गेली. या यशामागे १८५८ च्या अटलांटिक केबलचे अपयश होते. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले होते. आत तांबे, भोवती गट्टापर्चा, बाहेर समुद्रजल अशी ती केबल म्हणजे एक प्रचंड धारित्रच होते. प्रत्येक स्पंद पसरून पुढच्यात मिसळत असे. हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे विल्यम थॉमसन यांनी आधीच गणिताने दाखविले होते. वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते मान्य नव्हते. त्यांनी सुमारे २००० व्होल्ट दाब दिला आणि काही आठवड्यांतच केबल मूक झाली. अर्थात निरोधन मुळातच सदोष होते. सर्व दोष त्यांच्या माथी मारणे न्याय्य नाही.

थॉमसन यांनी क्षीण प्रवाह व संवेदनक्षम आरसा-गॅल्व्हानोमीटर यांचा मार्ग धरला. त्यांच्या १८६७ च्या सायफन रेकॉर्डरमुळे संकेताचा आकार कागदी फितीवर शाईने उमटू लागला. १८९७ मध्ये ब्राउन यांच्या ऋणकिरण नलिकेने शाईची जागा प्रकाशबिंदूला दिली.

आजही कोपरे झिजण्यामागे बहुधा तारेची धारिताच असते. कडांवरील कंप मात्र टोकाकडून परतणाऱ्या लहरीचा असू शकतो. म्हणूनच आरएस-४८५ जोडणीत दोन्ही टोकांना सामान्यतः १२० ओहमचा रोध लावतात. तथापि पहिला संशय मापनावरच घ्यावा लागतो. दहापट प्रोबचे समायोजन बिघडले असेल किंवा त्याची भू-तार लांब असेल, तर निर्दोष लहरही विकृत दिसते. म्हणून प्रोब प्रथम ऑसिलोस्कोपच्याच चौकोनी लहरीवर तपासतात; नंतर एका बिटाची रुंदी मोजतात. ९६०० बॉड वेगाला ती सुमारे १०४ मायक्रोसेकंद भरावयास हवी.