सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा: पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर कसे कापले?

२३ डिसेंबर २०१८, रविवारची पहाट. कोलकात्यात एका सायकलस्वार मुलीच्या प्रवासाने २९ हजार किलोमीटरचा टप्पा गाठला. ती होती पुण्याची वेदांगी कुलकर्णी, वय २०. इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात ती क्रीडा व्यवस्थापन शिकत होती. जुलैमध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली होती. तेव्हापासून १५९ दिवस झाले होते आणि वाटेत १४ देश लागले होते. सायकलवरून जगाला फेरी मारणारी सर्वांत वेगवान आशियाई, असं तिच्याबद्दल तेव्हाच्या बातम्यांत छापून आलं.

जगाला फेरी म्हणजे नेमकं काय?

विषुववृत्ताची लांबी सुमारे ४०,०७५ किलोमीटर. मग २९ हजारांत फेरी पूर्ण कशी होते? यासाठी गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्सचे नियम आहेत. प्रत्यक्ष सायकलवर किमान १८ हजार मैल, म्हणजे जवळपास २९ हजार किलोमीटर जायचं. विमान-बोटीचा प्रवास धरून एकूण अंतर विषुववृत्ताइतकं भरायला हवं. दिशा एकच ठेवायची, पूर्व किंवा पश्चिम. शिवाय पृथ्वीगोलावर एकमेकांच्या साधारण विरुद्ध बाजूला असलेल्या दोन ठिकाणांवरून जायचं. स्पेन आणि न्यूझीलंड अशी जोडी जमते, म्हणून बऱ्याच विक्रमवीरांच्या मार्गात हे दोन देश दिसतात.

वेदांगीचा मार्ग कसा होता?

- पर्थ ते ब्रिस्बेन, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं पश्चिम टोक ते पूर्व किनारा
- विमानाने वेलिंग्टन, मग न्यूझीलंडमधला टप्पा
- कॅनडात व्हँकुव्हर ते हॅलिफॅक्स
- आइसलंड, पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड
- रशिया
- शेवटचा सुमारे ४ हजार किलोमीटरचा टप्पा भारतात

दिवसाला किती सायकल चालवली?

‘रोज ३०० किलोमीटर’ असा आकडा तेव्हा खूप फिरला. पण २९ हजाराला १५९ ने भागलं की सरासरी येते साधारण १८२ किलोमीटर. काही दिवशी अंतर खूप जास्त झालं, तर विमानप्रवास, आजारपण, कागदपत्रं, खराब हवा यांत काही दिवस गेले.

१८२ किलोमीटर म्हणजे किती, हे आपल्याकडच्या रस्त्यावर मोजून बघा. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा करत आणे घाटातून अहिल्यानगरला जाणारा महामार्ग साधारण दोनशे किलोमीटरचा आहे. सामान लादलेली सायकल घेऊन नगरच्या थोडं अलीकडे थांबायचं, जेवायचं, झोपायचं आणि पहाटे उठून पुन्हा तेवढंच अंतर जायचं. असं पाच महिने! पुण्या-मुंबईतले हौशी सायकलस्वार ज्या २०० किलोमीटरच्या ‘ब्रेवे’ची आठवडे-आठवडे तयारी करतात, त्याला साडेतेरा तासांची मुदत असते.

सगळ्यात अवघड काय होतं?

धोके होतेच. कॅनडात ग्रिझली अस्वल मागे लागलं. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटलं. रशियात बर्फात अनेक रात्री तंबूत एकटीने काढल्या. वाटेत उणे २० ते ३७ अंश सेल्सिअस असं तापमान झेललं. यातलं सुमारे ८० टक्के अंतर तिने एकटीने कापलं. अवजारं, तंबू, कपडे सगळं सायकलवरच.

पण घड्याळाला खरा फटका बसला तो व्हिसा आणि सरकारी सोपस्कारांच्या उशिराचा. आइसलंड ते फिनलंड हे नऊही देश शेंगेन करारातले, म्हणजे तिथे एक व्हिसा चालतो. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, शेंगेन आणि रशिया या प्रत्येकासाठी भारतीय पासपोर्टवाल्याला आधी परवानगी काढावी लागते. युरोपीय पासपोर्ट असलेल्या सायकलस्वाराला यातले बरेच हेलपाटे वाचतात. विक्रमाच्या नियमात मात्र पासपोर्ट बघून सवलत मिळत नाही. जुलैत निघालेल्या प्रवासात असा उशीर साठत गेला, की उत्तरेकडचे देश गाठेपर्यंत हिवाळा लागतो.

तयारीलाही दोन वर्षं लागली: मार्ग ठरवणं, सायकल सज्ज करणं, कागदपत्रं. खर्चाचा भार आईवडिलांनी उचलला.

मग विश्वविक्रम कोणाच्या नावावर?

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमने कोणताही मदतगट न घेता १२४ दिवसांत फेरी पूर्ण करून महिलांचा विक्रम केला होता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या लेल विल्कॉक्सने तो १०८ दिवसांवर आणला. पुरुषांमध्ये मार्क बोमंटने २०१७ मध्ये ७८ दिवस १४ तास ४० मिनिटांत जग पालथं घातलं, पण त्याच्यासोबत जेवण, दुरुस्ती, मुक्काम सांभाळणारी पूर्ण टीम होती. म्हणून असे आकडे शेजारी ठेवताना ‘सोबत कोण होतं?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

महाराष्ट्रातून याआधी कोणी गेलं होतं का?

हो, आणि जवळपास शंभर वर्षांपूर्वी! १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी सुमारे ७१ हजार किलोमीटर करून परतले. त्यांना विक्रमाची घाई नव्हती. साडेचार वर्षं लागली, कारण वाळवंटं आणि जंगलं तुडवत त्यांना जग बघायचं होतं.

वेदांगीचं कोलकात्यात अंतर भरलं, तरी एक गोष्ट राहिली होती. फेरी जिथून सुरू झाली तिथेच संपायला हवी. त्यामुळे तिला पुन्हा विमानाने पर्थला जाऊन, जिथून निघाली त्या जागेपर्यंत सुमारे १५ किलोमीटर सायकल चालवायची होती. २९ हजारांपुढे १५ म्हणजे काहीच नाही, पण वर्तुळ पूर्ण होतं ते तिथेच.