अमेरिकेची नाकेबंदी आणि आपला कसारा घाट

सापगावहून आसनगाव स्टेशन जवळच. तिथून कसाऱ्याकडे जाणारी मालगाडी पाहिली की मला एक दूरचे युद्ध आठवते.

एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी अमेरिकेच्या बंडखोर दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली. ब्रिटनच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथला. तो गुलामांच्या घामावर पिके. कापसासाठी ब्रिटन आपल्या बाजूने उतरेल, ही दक्षिणेची आशा. पण ब्रिटन तटस्थ राहिला. नोव्हेंबरमध्ये ‘ट्रेंट’ या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दूत पकडले गेले, तेव्हा युद्ध पेटायच्या बेतात होते. लिंकन यांनी दूत सोडले आणि ते टळले.

ही तटस्थता परवडली, त्यात खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचाही वाटा होता. रेल्वे घाटावर इगतपुरीपर्यंत आणि खाली कसाऱ्यापर्यंत आली होती. मधला घाट मात्र १८६५ पर्यंत बैलगाड्यांनीच उतरावा लागे. मुंबईत पैशाचा पूर आला.

१८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला. तिकडे गुलाम मुक्त झाले, ही मोठीच गोष्ट. इकडे तेजीत सहज मिळालेले कर्ज शेतकऱ्याच्या गळ्याशी आले. १८७५ मध्ये पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यामागे हेही एक कारण होते. त्या बोलण्यांत या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते.