रविवर्मा छापखाना आणि मुद्रित चित्राची गुणवत्ता

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देवदेवतांची व पौराणिक प्रसंगांची रंगीत छापील चित्रे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचू लागली. त्यात राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्याचा वाटा मोठा होता. या चित्रांची चर्चा प्रामुख्याने त्यांचे विषय व लोकप्रियता या अंगांनी होते. मुद्रणकृती म्हणून त्यांची गुणवत्ता कशावर ठरते, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

या चित्रांचा पाया शिळामुद्रण हा होय. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात हे तंत्र शोधून काढले. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध खडूने चित्र रेखाटून ती ओली केली असता शाई केवळ स्निग्ध भागालाच धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची शिळा स्वतंत्र तयार करावी लागते व तोच कागद क्रमाक्रमाने त्या सर्व शिळांवरून काढावा लागतो.

गुणवत्तेच्या कसोट्या या प्रक्रियेतूनच निष्पन्न होतात. पहिली कसोटी रंगांच्या जुळणीची. एखादी शिळा किंचित जरी सरकली तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जातो. हवेतील दमटपणामुळे कागद ताणला गेला तरी हाच दोष उद्भवतो. दुसरी कसोटी छटांची. शिळा जितक्या अधिक व ठिपके जितके सूक्ष्म, तितकी त्वचेची व वस्त्राची छटा मृदू उतरते. तिसरी कसोटी टिकाऊपणाची. कागद आम्लयुक्त असल्यास तो पिवळा व ठिसूळ होतो, कच्चे रंग उन्हाने उडतात, आणि तैलचित्राचा आभास निर्माण करण्यासाठी चढवलेले व्हार्निशही कालांतराने काळवंडते.

या कसोट्यांना उतरणे खर्चिक होते. रविवर्मांनी जर्मनीहून यंत्रे व तंत्रज्ञ आणविले. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. तथापि कर्जाचा भार वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. अनेक शिळांचे काम आणि सामान्य माणसाला परवडणारी किंमत यांचा मेळ घालणे किती कठीण होते, याचा प्रत्यय या इतिहासातून येतो. १९७२ च्या आगीत छापखान्याची मोठी हानी झाली. त्यामुळे उरलेल्या छापील प्रतींचे साधन म्हणून महत्त्व वाढले आहे.

सारांश, मूळ चित्र थोर असले म्हणजे त्याची छापील प्रतही थोर ठरते असे नाही. चित्रकाराच्या कुंचल्याइतकेच रंगांचे पृथक्करण करणाऱ्या, शिळा घासणाऱ्या व कागद अचूक बसविणाऱ्या कारागिरांचे कौशल्य तिच्यात सामावलेले असते. या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे चित्रावर नाहीत. त्यांच्या कामाची साक्ष प्रतीवरील रंगांची जुळणी, ठिपके व कागद हीच देतात. म्हणून अशा प्रतींचे जतन व मूल्यमापन करताना चित्रविषयाबरोबर या खुणांचीही नोंद होणे अगत्याचे ठरते.