मैदान आणि गाडी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, जुनं काहीतरी लिहा" असा समितीचा निरोप आला. माझी हयात बँकेत खतावण्या तपासण्यात गेली. तेव्हा सभासद बंधुभगिनींनो, एक जुना हिशेबच मांडतो.

माझं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं. मुंबई-सोलापूर रेल्वे आमच्या तालुक्याला भिगवणला भेटून पुढे निघून जाते, इंदापूरला मात्र स्टेशन नाही. बारामतीचं नशीब जरा बरं. १९१४ साली दौंड-बारामती हा अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला. लहानपणी आम्ही या छोट्या गाडीने दौंडला जायचो आणि तिथे पुण्याची मोठी गाडी पकडायचो. पुढे रूळ रुंद झाले, पण तोवर आपल्याला एसटीची सवय लागली होती.

एसटीचा एक फायदा होता. स्वारगेटला उतरलं की नेहरू स्टेडियम हाकेच्या अंतरावर. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी तिथे विश्वचषकाचा सामना होता, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. आम्ही बँकेतले चौघे रजा टाकून गेलो. केनियाच्या १६६ धावा झाल्या, तेव्हा लवकर परतायला मिळणार असं वाटलं. लवकर परतलो खरे, पण वेस्ट इंडीज ९३ धावांत आटोपली म्हणून! स्टँडवर आलो, गाडी उभीच होती. रात्री जेवायला घरी.

बालेवाडीचं तसं नव्हतं. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं. २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. संकुल नामांकित, पण तेव्हा ते शहराच्या पार टोकाला होतं. स्पर्धेच्या दिवशी गर्दीबरोबर जाता येई. रोज सरावाला जाणाऱ्याने काय करायचं?

हा प्रश्न आमच्या घरात आला. थोरली मुलगी आठशे मीटर धावायची. शाळेतले सर म्हणाले, सुट्टीत हिला बालेवाडीला सरावाला पाठवा. राहायला पुण्यात आत्या होती. पण जाता-येता दोन बस बदलायच्या, आणि परतायला अंधार. मी म्हटलं, "नको. रात्रीची एकटी कशी येशील?" ती काही बोलली नाही. धावायचे बूट तिने माळ्यावर ठेवले. पंचवीस वर्षांपूर्वी या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा सामानात तेही आले. आता ते तिच्या लेकीलाही होत नाहीत.

मी वाईट बाप होतो असं ती कधी म्हणाली नाही. पण त्या दिवशी मी मुलीचं पाऊल पाहिलं नाही, फक्त बसचं वेळापत्रक पाहिलं.

मध्यंतरी पेपरात हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या स्थानकांची यादी वाचली. २०१८च्या डिसेंबरात भूमिपूजन झालेला हा तेवीस किलोमीटरचा मार्ग, त्यावर तेवीस स्थानकं. वाकड चौकानंतरचं नाव वाचून थांबलो: बालेवाडी स्टेडियम. स्वारगेटचं भुयारी स्थानक २०२४च्या सप्टेंबरात सुरू झालंच आहे. म्हणजे हा मार्ग जोडला गेला की बारामतीच्या पोरीने एसटीतून उतरायचं, स्वारगेटला मेट्रोत बसायचं, न्यायालयापाशी गाडी बदलायची आणि थेट मैदानाच्या स्टेशनवर उतरायचं. परतीची गाडीही तशीच.

आपल्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी पोरं धावतात, त्यात तीन-चार मुली आहेत. त्यांच्या आईबाबांना या म्हाताऱ्याची एकच विनंती. पोरीने कुठे जायचं म्हटलं, तर आधी गाडी कुठून मिळते ते शोधा. 'नको' म्हणायला काय, नंतरही वेळ असतो.

लेक समारंभाला येणार आहे. हे पान तिने वाचावं, एवढ्यासाठीच लिहिलं.