जोतिबाशेजारचं जंगल राखायला सरकारी पैसा कुठून येतो? त्यासाठी शेतकऱ्याची जमीन जाते का?

जोतिबा मंदिर परिसराच्या 259 कोटी 59 लाखांच्या विकास आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये मंजुरी दिली. ही झाली देवस्थानाची गोष्ट. पण त्याच पन्हाळा तालुक्यात वन्यजीवांसाठी राखलेलं जंगलही आहे. त्याचा खर्च कोण करतं? आणि ‘राखीव’ म्हटलं की आपल्या सातबाऱ्याचं काय होतं?

पन्हाळगड संवर्धन राखीव क्षेत्र

डिसेंबर 2020 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने पश्चिम घाटातल्या अनेक जंगलांना हा दर्जा द्यायचं ठरवलं. कोल्हापूर जिल्ह्यातली विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही नावं त्यात होती. पन्हाळगडचं क्षेत्र सुमारे 73 चौरस किलोमीटर.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36-अ नुसार हा दर्जा फक्त सरकारी मालकीच्या जमिनीला देता येतो. म्हणजे यात भूसंपादन नसतं. सल्ला देणाऱ्या समितीत तिथल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो.

पैसा कसा येतो?

केंद्राची ‘वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास’ ही योजना 2008-09 पासून आहे. संरक्षित क्षेत्रं, त्यांच्या बाहेरचे वन्यजीव आणि अतिसंकटग्रस्त प्रजाती असे तिचे तीन भाग आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के भार उचलतं. त्यासाठी वन विभागाला दरवर्षी कामांचा आराखडा पाठवावा लागतो. शिवाय जंगल प्रकल्पांना दिल्यावर जमा होणारा ‘कॅम्पा’ निधीही असतो.

जमीन कधी घेतली जाते?

अभयारण्य करताना जिल्हाधिकारी लोकांचे हक्क तपासतात आणि गरज असल्यास मोबदला देऊन जमीन घेता येते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून गाव हलवायचं तर आधी वनहक्क निश्चित करावे लागतात. ग्रामसभेची लेखी संमती लागते. रोख पर्याय घेतला तर कुटुंबामागे 15 लाख रुपये मिळतात. 2021 पूर्वी हा आकडा 10 लाख होता.

जमीन न घेता ‘अभयारण्य’ केलं तर?

याचं उत्तर सोलापूर-नगरच्या शेतकऱ्यांना विचारा. 1979 मध्ये माळढोकसाठी तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतं आली, गावं आली. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहिली, पण व्यवहारांवर आणि बांधकामांवर बंधनं आली. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर लोकांचा रोष वाढला होता आणि माळढोकही वाचला नाही. आज महाराष्ट्रात तो जवळपास दिसेनासा झालाय.

अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यात अधिवास नियोजन आणि जमीन खरेदी यांसाठी राज्यांना वेगवेगळी अनुदानं आहेत. साधारण 25 टक्के वाटा स्थानिक पातळीवरून यावा लागतो आणि जमीन विकायला तयार असलेल्या मालकाकडूनच घेतली जाते.

स्वतःची जमीन राखायची असेल तर?

आपल्याकडे ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ हा पर्याय आहे. मालकाने स्वेच्छेने पुढे यावं लागतं आणि मालकी त्याचीच राहते. मात्र नंतर जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता लागते. हे सही करण्याआधीच समजून घ्या.

थोडक्यात, तुमच्या गावाचं नाव अधिसूचनेत आलं तर तीन गोष्टी बघा: दर्जा नेमका कोणता, गट नंबर कोणते आणि समितीत गावाकडून कोण आहे.