रांडाव पुनवेचा नाच

जतच्या यल्लमाच्या जत्रेत, मार्गशीर्षात, मी लहानपणी जोगतिणींचा नाच पहिल्यांदा पाहिला. एकीने चौंडके काखेत धरले होते. दुसरीच्या डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली पाटी. जगाला हात न लावता ती गिरक्या घेत होती. ती माझी आत्या होती. आज्याने तिला लहानपणीच देवीला सोडले होते.

या नाचामागची कथा सर्वांना ठाऊक आहे. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आई रेणुकेचे मस्तक उडवले आणि बापाकडूनच वर मागून तिला परत उठवले. पुढे जमदग्नी मारला गेला, रेणुका विधवा झाली; मग तोही उठला. म्हणून रांडाव पुनवेला जोगतिणी बांगड्या फोडतात आणि अहेव पुनवेला पुन्हा भरतात. मधल्या काळात देवी ना सवाष्ण, ना कायमची विधवा. जगणे आणि मरणे यांच्या मधे अडकलेल्या बाईचा हा नाच आहे.

पण देवीची त्यातून दरवर्षी सुटका होते. जोगतिणीची होत नाही. धर्माने तिला अखंड सौभाग्यवती ठरवले आणि नवरा, घर, लेकरांना बापाचे नाव, सारे नाकारले. आणि या मुली कुणाच्या? बहुतेक महारा-मांगांच्या आणि इतर गोरगरिबांच्या. देवीला मुलगी हवी असते तेव्हा तिला वाड्यातली लेक का दिसत नाही, हा प्रश्न आपल्या अभ्यासकांनी विचारला पाहिजे.

कायद्याचा इतिहासही तपासू. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९२० साली जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा आला. जत मात्र डफळ्यांचे संस्थान. इलाख्याचा कायदा तेथे आपोआप लागू होत नव्हता. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढे जत दक्षिण सातारा जिल्ह्यात आले; १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. महाराष्ट्राने स्वतःचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा केला तो २००५ साली. हद्दी बदलल्या, कागद बदलले. गळ्यातले दर्शन मात्र बाईला स्वतःच तोडावे लागले.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब पोतराज, आराधी, देवदासी, जोगतिणी यांच्यासमोर बोलले. धर्मांतर करायचे तर हे लाजिरवाणे जिणे सोडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तो बरोबरच होता. पण जग उतरवल्यावर चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न त्या बायांपुढे उभा होता. त्याचे उत्तर समाजाने द्यायचे होते. आपणही, चळवळीतल्या माणसांनी, ते पुरेसे दिले नाही.

आज हा नाच रंगमंचावर लोककला म्हणून टाळ्या घेतो. कलेशी माझे भांडण नाही. पण टाळी वाजवणाऱ्याने त्या गिरकीखालचे आयुष्यही पाहावे.

आत्या म्हातारपणापर्यंत जोगव्यावर जगली. जग कोपऱ्यात असे. माझ्या बहिणीला तिने त्याला कधी हात लावू दिला नाही. "माझ्यापाशी संपू दे," एवढेच म्हणायची. जत संस्थानच्या इतिहासात राजांच्या सनदा सापडतात. हा नकार कुठे सापडत नाही. म्हणून तो येथे नोंदवतो आहे.